सुईण परवाना, नवीन बाब

९ सप्टेंबर १९६३, बुलढाणा

आज पहिल्यांदा मला नकला करण्याखेरीज काही काम मिळालं. तीन महिने मी या कार्यालयात दुसऱ्यांनी लिहिलेलं उतरवत होते.

सरकारनं नवा कायदा केला आहे. येत्या एक एप्रिलपासून परवान्याशिवाय कोणी पैसे घेऊन औषधपाणी किंवा बाळंतपण केलं तर तो गुन्हा. पण खेड्यात डॉक्टर आहेत कुठे? म्हणून सुईणींसाठी एक नवा, मर्यादित परवाना काढायचा विचार आहे. दहा वर्षं काम केलेल्या सुईणीला महिन्याभराचं शिक्षण, कात्री-दोरा-साबणाची एक पेटी आणि सरकारी परवाना. त्यासाठी किती सुईणी आहेत आणि खर्च किती येईल, ते प्रत्येक जिल्ह्यानं कळवायचं. अंदाजपत्रकात ही ‘नवीन बाब’ म्हणून जाईल.

अधीक्षक भगवंतराव म्हणाले, “चंद्रकलाबाई, तुम्ही अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालात. आकडा काढा. बायकांशी बोलायला बाईच बरी.”

टंकलेखक कय्यूमभाईंनी फॉर्मचा गठ्ठा बांधून दिला. म्हणाले, “यादी कशासाठी चालली, ते एकेका कागदावर लिहून ठेवा बाई. यादी राहते, कारण हरपते.” फॉर्म छापील आहे, लिहायला जागा नाही. मी हसले. त्यांना प्रत्येक गोष्टीत वाईट दिसतं.

गावी वडिलांना, दादांना, पत्र टाकलं; कोणाकडून तरी वाचून घेतील. आमच्या घरात शाळेचं तोंड पाहिलेली मीच पहिली. आई माझ्या वेळी दोन दिवस अडली होती, हे लहानपणापासून ऐकत आले आहे. हे काम माझ्याचकडे यावं, यात काहीतरी अर्थ आहे असं वाटतं.

२४ सप्टेंबर

हिवऱ्याला एका दिवसात आसपासच्या गावांतल्या सुईणींचे एकोणीस फॉर्म झाले. बाया स्वतःहून आल्या. एकीनं विचारलं, परवाना गळ्यात घालायचा की दाराला लावायचा. मी म्हटलं, दाराला. आता विचार करते, मला तरी कुठे माहीत आहे?

३ ऑक्टोबर, सावरटेक

दुसरबीडहून दोन कोस पायी. रस्ता म्हणजे ओढ्याचा काठ. पाऊस नुकता उघडला आहे, चिखल घोट्यापर्यंत.

इथली सुईण गोजरबाई. साठीची, काटक, बोलायला फटकळ. मी फॉर्म काढायच्या आधीच तिनं माझे हात धरून उलटेपालटे करून पाहिले.

“लई थंडे हायेत. या हातानं काय करतं माय तू?”

“लिहिते.”

“मंग चालते.”

ओट्यावर बाया जमल्या होत्या, सगळ्या हसल्या. नाव, वय, किती वर्षं काम करता, हे सगळं झालं. चाळीसहून जास्त वर्षं. सहाव्या रकान्यापाशी अडलं: ‘व्यवसायाचा मोबदला, रुपयांत.’

“मोबदला?” गोजरबाई म्हणाली. “येड लागलं का वं पोरी? बाळंतपनाचे पैशे घेतले त हाताची बरकत जाते. पाचवीले खन आन् पायलीभर जवारी. थे बी लेकराच्या नावानं देतेत, माह्या नाई.”

रकाना कोरा ठेवता येत नाही. मोबदला नाही म्हणजे व्यवसाय नाही, आणि व्यवसाय नाही तर परवान्याला पात्र नाही. नियमात तसंच आहे. चाळीस वर्षं काम केलेली बाई एका कोऱ्या रकान्यामुळे बाहेर राहणार! मी तिला समजावलं की खणाला किंमत असते, ज्वारीला भाव असतो, ते रुपयांत मांडलं की झालं. खण आणि ज्वारी मिळून तीन रुपये. वर्षाची तीस बाळंतपणं. म्हणजे नव्वद रुपये.

“ऐकलं का वं?” ती बायांना म्हणाली. “मी पैशेवाली झाली! उद्या चोर येतीन माह्या घरी.”

मग फॉर्मकडे वाकून पाहिलं. “थे तीन रुपये लिवूच नको असं केलं त?”

“परवाना मिळणार नाही.”

“बरं. तू म्हनते त टेकवते अंगठा. शिकेल हाय तू.”

अंगठ्याखाली ‘साक्षीदार’ म्हणून माझी सही केली. निघताना तिनं सांगितलं, की तिनं आजवर कोणाला नाही म्हटलेलं नाही. कारभाऱ्याच्या वाड्यावर गेली, शकूर बागवानाच्या घरी गेली, दोन्ही घरी एकाच रात्री गेली. “बलावनं आलं का निंगाचं. जेवत असली त ताट झाकून निंगाचं.”

हा रकाना अशा रीतीनं भरायची युक्ती आधीच सुचायला हवी होती. आधीच्या गावांतल्या तीसेक बायांचा रकाना कोरा आहे. परत जाऊन भरून घ्यायला हवेत.

१९ नोव्हेंबर, बुलढाणा

एकंदर दोनशे तेरा. एकही रकाना कोरा नाही.

शिक्षण, पेट्या, छपाई, एक लिपिक, सगळं धरून अठरा हजार रुपये झाले. मी आकडा तीनदा तपासला. भगवंतरावांनी चष्मा कपाळावर सारला. “अठरा हजारांत दोनशे तेरा गावं! बाई, एका पुलाच्या कठड्याला याहून जास्त लागतात.” मला पेपरमिंटची गोळी दिली. ते खूश झाले की गोळी देतात.

प्रस्ताव मुंबईला गेला. आवकजावक बुकात तो क्रमांक मी स्वतः टाकला.

११ जानेवारी १९६४

प्रस्ताव परत आला. कोपऱ्यात शेरा: ‘खर्च कमी करून फेरसादर करावा.’

पेट्या काढल्या. कात्री आणि साबण गावात मिळतोच.

२३ जानेवारी

पुन्हा परत. तोच शेरा, सही वेगळी.

शिक्षण महिन्याऐवजी आठ दिवसांचं केलं. ज्यांनी चाळीस वर्षं काम केलं त्यांना महिनाभर शिकवायचं तरी काय? भगवंतरावांना हा मुद्दा पटला. कय्यूमभाई टाईप करता करता म्हणाले, “कोंबडीचं एकेक पीस काढतो बाई आपण. हिवाळा हाय.” त्यांच्याकडे लक्ष द्यायचं नाही असं ठरवलं आहे.

६ फेब्रुवारी

आठ दिवसांचं शिक्षणही गेलं. राहिला तो परवान्याचा छापील कागद आणि त्याची नोंद ठेवणारा एक लिपिक. दोन हजार शंभर रुपये. परवाना तर राहिला ना! बाकी सगळं पुढच्या वर्षी मागता येईल. एवढ्या लहान रकमेला कोण नाही म्हणेल?

लिहिताना मला स्वतःलाच चमत्कारिक वाटलं, की पाच महिन्यांपूर्वी मी बायांना पेटीचं चित्र काढून दाखवत होते.

२४ मार्च

नाही म्हटलं.

तसं पत्रही आलं नाही. मंजूर बाबींची छापील यादी आली, तिच्यात आमची नाही. कय्यूमभाईंनी दोनदा पानं उलटली, मग यादी माझ्या टेबलावर ठेवून पाणी प्यायला गेले.

मी भगवंतरावांकडे गेले. “मग आता कायदा थांबेल?”

“कायदा कशाला थांबेल? एक तारखेपासून लागू.”

“पण साहेब, परवानाच नाही तर त्या बायांनी घ्यायचा कुठून?”

“नाही घेता येणार.”

“म्हणजे दोनशे तेरा जणी...”

“बाई,” ते अगदी सौम्यपणे म्हणाले, “परवाना द्यायचा तर कागद लागतो, माणूस लागतो, तरतूद लागते. मनाई करायला काय लागतं?”

त्यांनी गोळी पुढे केली. मी घेतली. का घेतली ते कळत नाही.

२८ मार्च

पोलिसांचा माणूस आला होता. कायदा लागू होतो आहे, तर जिल्ह्यात कोण कोण हा धंदा करतं त्याची माहिती आपल्याकडे तयार आहे असं कळलं, ती द्यावी. भगवंतरावांनी फॉर्मच्या नकला द्यायला सांगितलं. तो माणूस फॉर्म चाळत होता. एका फॉर्मवर बोट ठेवून म्हणाला, “वा. मोबदला, रुपये तीन. अंगठा. साक्षीदाराची सही. असं काम आमच्याकडेही होत नाही.”

तो मनापासून स्तुती करत होता.

दुपारभर माझे कान तापले होते. मोबदला मीच लिहून ठेवला आहे, आता त्या पैसे घेत नाहीत असं म्हटलं तरी कोणी ऐकणार नाही. त्या बायांना काही होता कामा नये. त्यांनी परवाना मिळेपर्यंत बाळंतपणाला हात लावला नाही, तर कोणी त्यांचं काही करू शकत नाही. एवढं तरी मी करू शकते.

३१ मार्च

चार दिवस बसून दोनशे तेरा कार्डं लिहिली. भगवंतरावांनी विचारलं, कशाला? म्हटलं, कळवायला. ते म्हणाले, कळवा, जावक क्रमांक टाका म्हणजे झालं.

मजकूर असा: ‘परवाना मिळेपर्यंत कोणाचेही बाळंतपण करू नये, तो गुन्हा आहे. परवाना लवकरच मिळेल.’ शेवटचं वाक्य माझं. त्याशिवाय बाया घाबरतील.

कय्यूमभाईंनी एक कार्ड वाचलं. “लवकर म्हणजे कधी, बाई?”

“पुरवणी मागणीत. जुलैमध्ये.”

“जुलै लिहा ना मग.”

“नक्की नाही ना.”

“हाव,” ते म्हणाले, “नक्की तर लेकरांचंच असतं. नऊ महिन्यांनी येतातच.”

पेटीत कार्डं टाकली तेव्हा हलकं वाटलं.

२२ एप्रिल

हे नीट लिहिलं पाहिजे. जसं घडलं तसं.

अकराच्या सुमारास एक माणूस टेबलापाशी येऊन उभा राहिला. तिशीचा असेल. डोक्याचे केस काढलेले. सावरटेकचा इंद्रभान, असं त्यानं सांगितलं. खिशातून माझं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. घामानं शाई पसरली होती.

“हे तुमीच लिवलं काय, बाई?”

“हो.”

“मास्तरनं वाचून दाखवलं व्हतं गोजरबाईले. मले एवढंच पुसाचं व्हतं. माही घरवाली आशा, पयलं बाळंतपन. कळा लागल्या त मी गोजरबाईले बलावाले गेलो. आली. दारापावतर आली. पन उंबरठा नाई वलांडला. उभी राह्यली नि रडे. म्हने, बाईनं लिवलं हाय, कागुद आल्याबिगर हात लावू नको. कागुद येतेच हाय म्हने.” त्यानं कपाळाचा घाम पुसला. “मंग गाडी जुपली. दवाखाना नऊ मैल. ओढ्यापाशी सरलं सारं. लेकरू बी.”



“थो कागुद,” त्यानं विचारलं, “येऊन राह्यला व्हता काय?”

माझ्या तोंडून निघालं, “नाही.”

त्यानं मान हलवली. हिशेब जुळल्यासारखी. कार्ड उचलून घडी करून पुन्हा खिशात ठेवलं, ‘येतो’ म्हणाला आणि गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

२४ एप्रिल

भगवंतरावांनी दार लोटून घेतलं. “सावरटेकची केस तुमच्या कानावर आली असेलच. वाईट झालं. पण बाई, पुरवणी मागणीला अशी एक केस लागतेच. नुसत्या आकड्यांनी मुंबईत कोणी हलत नाही.” त्यांनी मला मसुदा करायला सांगितला. कारण काय लिहायचं तेही सांगितलं: ‘परवाना व शिक्षण नसलेल्या सुईणीच्या हातून मृत्यू.’ सुईणीचं नाव द्यायचं, नाहीतर शंका काढतात.

“साहेब, तिनं हातही लावला नाही.”

“ते मला माहीत आहे.”

“मग?”

“सुईण आली नाही म्हणून बाई गेली, असं लिहिलं तर मुंबईवाले विचारतील, का नाही आली? मग तुमचं कार्ड निघेल. तुम्ही तात्पुरत्या आहात, बाई.” मग म्हणाले, “आणि एका नावानं दोनशे बारा जणींना परवाने मिळणार असतील, तर विचार करा.”

ते खोटं बोलत नव्हते, हेच वाईट आहे. दिवसभर विचार केला. एक नाव, दोनशे बारा परवाने. अशा प्रकारची गणितं मला फार लवकर जमतात, असं आता वाटायला लागलं आहे.

संध्याकाळी मसुदा लिहिला: सुईण आली, परंतु या कार्यालयाच्या पत्रामुळे तिने काम केले नाही. पत्र लिहिणारी मी. सही करून त्यांच्या टेबलावर ठेवला.

२५ एप्रिल

माझ्या टेबलावर टाईप केलेलं पत्र. गोजरबाईचं नाव दुसऱ्या ओळीत. वय साठ, मोबदला रुपये तीन. खाली माझ्या आद्याक्षरांपुरती जागा सोडलेली. माझा मसुदा कुठे दिसला नाही.

मी कय्यूमभाईंकडे पाहिलं. ते यंत्राची फीत बदलत होते. मान वर न करता म्हणाले, “मले पाच लेकरं हायेत, बाई.” मग हळूच, “साहेब सोमवारी बारा वाजता मागतील. सोमवारी तुम्ही इथं असलंच पाहिजे, असं कोणी लिहिलं नाही.”

मी आद्याक्षरं केली नाहीत. रजेचा अर्जही दिला नाही.

२६ एप्रिल, सावरटेक

गोजरबाई माझ्यावर चिडेल असं वाटलं होतं. तिनं पाणी दिलं.

मी सगळं सांगितलं. परवाना येणार नव्हता. ‘लवकरच’ हा शब्द माझा होता. आता तिनं पूर्वीसारखं करावं, पोलीस आले तर मी साक्ष देईन की रकाना मी भरला.

“पन आता मले बलावते कोन?” ती म्हणाली.

मला समजलं नाही.

“दारात येऊन माघारी गेलेली सुईन हाय मी. तिले पुन्हा घरात घेत नाईत. इंद्रभाननं मले शिवी बी नाई देल्ली, माय. गावातल्या बाया मी आली का पदर पोटावर घेतेत.” मग तिनं बोटांवर मोजलं. रामरावाची सून. शकूरची पोरगी गुलनार, माहेरी आलेली. कारभाऱ्याकडे दोघी. अशा सात. “रामरावाच्या गीताचे दिस भरत आले. पोट खाली उतरलं हाय, काल पान्यावर पाह्यलं. आडवं वाटते मले लेकरू.”

“मी सांगते त्यांना. दारोदार जाऊन सांगते, चूक माझी आहे.”

“सांग,” ती म्हणाली. तिच्या आवाजात ना आशा होती ना राग.

रामरावाच्या घरी आधी गेले. त्याची बायको सत्यभामाबाई, मोठी आदबशीर बाई. चटई टाकली, चहा केला, माझ्या दादांची चौकशी केली. मी हात जोडून सगळं सांगितलं, पहिल्यापासून. तिनं मधे एकदाही अडवलं नाही.

“तुमी खरं बोलून राह्यल्या, हे दिसते,” ती म्हणाली. “पन थे पाय आमच्या उंबरठ्यात नाई येनार आता.”

“मग गीताचं कोण करील?”

तिनं माझ्याकडे आश्चर्यानं पाहिलं. “तुमी हाय ना, बाई. सरकारी मानूस. सारे कागुद तुमच्याच हातचे, सही तुमची. मना केलं थे तुमी. आता करसान बी तुमीच.”

मी म्हटलं, मला येत नाही. मी कधी पाहिलेलंसुद्धा नाही. तिला तो विनय वाटला.

गुलनारच्या आईनं, अमीरबीनं, हेच सांगितलं. कारभाऱ्याच्या घरी तर बोलावलेल्या सुईणीच्या घालावं तसं माझ्या पायावर पाणी घातलं.

२७ एप्रिल, सावरटेक

आज सोमवार. दुसरबीडहून दहाच्या बसनं निघणार होते. पिशवी उचलली तेव्हाच रामरावाकडून बोलावणं आलं.

गीता अठरा वर्षांची आहे. ती खाटेच्या पायाला धरून बसली आहे, कळ आली की ओठ चावते, ओरडत नाही. अजून वेळ आहे म्हणतात. दोन कळांच्या मधे मी हे लिहिते आहे, कारण हाताला दुसरं काही करता येत नाही. गाडी जुपायला सांगितली तर रामराव म्हणाला, इंद्रभाननं जुपली व्हती.

सत्यभामाबाईंचे पाय धरले. गोजरबाईला आत घ्या. नाही म्हणाल्या. शेवटी एवढं कबूल झाल्या, की ती मागच्या भिंतीपलीकडे बसली तर त्या ऐकलं नाही असं समजतील.

गोजरबाई तिथे आहे. मातीच्या भिंतीला हवेसाठी एक झरोका आहे. मी तोंड लावलं आणि म्हटलं, “मावशी, आहात ना?”

“हाव. हात धू. कोपरापावतर. मंग चुलीवर शेक, तुहे हात लई थंडे हायेत. तिच्या पोटावर ठेव आन् मले सांग, टनक कुठं लागते.”

मी विचारलं, आडवं असेल तर?



“आधी ठेव,” ती म्हणाली.

आता बारा वाजले असतील; तिकडे साहेब पत्र मागत असतील. गीता मला हाक मारते आहे, ‘बाई’ म्हणून. सत्यभामाबाईंनी गरम पाणी आणून ठेवलं आहे आणि दारात उभ्या राहून अगदी निर्धास्तपणे माझ्याकडे बघत आहेत.